मुंबईतल्या कॅथलिक शाळा आणि गरिबांची मुलं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उपनगरातल्या एका अनुदानित कॅथलिक शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. सोसायटीतले शेजारी विचारतात, "काय हो, तिथे खरंच गरिबांची मुलं घेतात का?" आणि पॅरिशमधले (एका चर्चशी जोडलेल्या भागातले) कॅथलिक लोक विचारतात, "आम्ही एवढं करतो, तरी लोक आम्हाला श्रीमंतांचे म्हणतात, असं का?" दोघांनाही दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

मुळात चर्चला गरिबांच्या शिक्षणाची एवढी पडलेली का?

कारण शाळा हा प्रकार चर्चने मोठ्या प्रमाणावर हातात घेतला तोच गरिबांसाठी. १५९७ मध्ये रोमच्या त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीत जोसेफ कॅलासान्झ या स्पॅनिश धर्मगुरूने मोफत शाळा काढली. तोवर शिक्षण हा बहुतांशी ऐपत असलेल्यांचा विषय होता. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी कारागिरांच्या मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्याच भाषेत, फ्रेंचमध्ये, शिकवायला घेतलं आणि त्यासाठी शिक्षकांचा एक संघच उभारला. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरिनमध्ये डॉन बॉस्को बांधकामावर राबणारी आणि तुरुंगातून सुटलेली पोरं गोळा करत. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते पोरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी लेखी करार करायचे. पोराला काम नीट शिकवायचं, मारायचं नाही, सुट्टी द्यायची, सगळं कागदावर. प्रार्थना होतीच, पण स्टॅम्पपेपरही होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर एक घोषणापत्र काढलं. ज्यांच्याकडे पैसा नाही, ज्यांना घरच्यांचा आधार नाही आणि जे आपल्या धर्माचे नाहीत, त्यांच्याकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी गरिबांवरच्या प्रेमाबद्दल एक सविस्तर पत्र प्रसिद्ध केलं. गरिबाला शिकवणं हे उपकार नाहीत, कर्तव्य आहे, असा त्यातला सूर आहे.

तेव्हा "गरिबांना घ्या" ही मागणी बाहेरच्या कोणी चर्चवर लादलेली नाही. ती त्यांच्याच कागदांत आहे. म्हणून त्याच कागदावर बोट ठेवून जाब विचारायचा अधिकारही आपल्याला आहे.

मुंबईत हे सगळं कधी सुरू झालं?

वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज हायस्कूल आपली परंपरा १७८० पासून सांगतं. बाकी बरीचशी नावाजलेली नावं १८६० च्या दशकातली. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चं, माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९ चं. यातल्या सेंट स्टॅनिस्लॉसची सुरुवात अनाथ मुलांचा आश्रम म्हणून झाली, हे आज हिल रोडवरून जाणाऱ्या कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. मुलींसाठी 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या सिस्टर्स आल्या. पुढे डॉन बॉस्कोंच्या संघाचे, म्हणजे सेलेशियन, फादर आले, १९४० मध्ये सोफिया कॉलेज निघालं, १९५५ मध्ये समाजकार्य शिकवणारं निर्मला निकेतन.

विल्सन कॉलेज, बॉम्बे स्कॉटिश, कॅथेड्रल याही कॅथलिकच ना?

नाहीत. विल्सन आणि बॉम्बे स्कॉटिश स्कॉटिश प्रॉटेस्टंट परंपरेतल्या, कॅथेड्रल अँग्लिकन. जोतीराव फुले पुण्यात ज्या मिशनच्या शाळेत शिकले तीही स्कॉटिशांचीच. आणि मुंबईत 'सेंट' किंवा 'कॉन्व्हेंट' अशी पाटी लावून कोणीही शाळा काढू शकतो, काढतोही. खात्री करायची असेल तर शाळेच्या कागदांवर ट्रस्टचं नाव बघा.

या शाळा चालवतं कोण? सगळं आर्चबिशपच्या हातात असतं का?

हा गैरसमज सगळीकडे आहे, पत्रकारांमध्येसुद्धा. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारच्या शाळा धर्मप्रांताच्या, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या पॅरिशच्या. त्या आर्चडायोसेसन बोर्ड ऑफ एज्युकेशनखाली येतात. तिथला पॅरिश प्रीस्ट हा शाळेचा 'मॅनेजर' असतो. मुख्याध्यापक बऱ्याचदा साधे संसारी शिक्षक असतात. फादर बदलले की शाळेचा मॅनेजर बदलतो, आणि त्याबरोबर कधीकधी शाळेचा मूडही.

दुसऱ्या प्रकारच्या शाळा धर्मसंघांच्या: जेझुइट, सेलेशियन, कॅनोशियन, डॉटर्स ऑफ द क्रॉस, फ्रान्सिस्कन ब्रदर्स. त्यांचे ट्रस्ट वेगळे, हिशेब वेगळे. एका शाळेने फी वाढवली म्हणून आर्चबिशपना पत्र लिहिणारे पालक मी पाहिले आहेत. पत्राचं उत्तर नम्र भाषेत येतं, फी आहे तिथेच राहते.

फी किती असते?

या प्रश्नाचं एकच उत्तर नाही, आणि खरी मेख इथेच आहे.

अनुदानित शाळा: मंजूर पदांवरच्या शिक्षकांचे पगार राज्य सरकार देतं. एसएससी बोर्ड, बालभारतीची पुस्तकं, पहिली ते आठवीला मध्यान्ह भोजन. दहावीपर्यंत शिकवणी फी नाही, पण टर्म फी, कॉम्प्युटर फी, अ‍ॅक्टिव्हिटी अशा नावांनी थोडंफार द्यावं लागतं. रिक्षावाल्याची, घरकाम करणाऱ्या बाईची, वॉचमनची मुलं इथेच शिकतात. गावठाणांत आणि झोपडपट्ट्यांच्या कडेला असलेल्या अशा पॅरिश शाळांत एका वर्गात पन्नास-साठ मुलं बसलेली असतात.

विनाअनुदानित शाळा: सगळा खर्च फीतून. बऱ्याच ठिकाणी आयसीएसई. फी मध्यमवर्गालाही घाम फोडणारी.

आणि मग मधलाच एक प्रकार. अनुदानित शाळेतच 'विनाअनुदानित तुकडी' असते, किंवा ज्युनिअर केजी-सीनिअर केजीला अनुदान नसतं. पहिलीत शिकवणी मोफत हे खरं, पण पहिलीत जाणारी बहुतेक मुलं त्याच शाळेच्या केजीतून वर येतात आणि केजीची फी आई-बापांनीच भरायची असते. म्हणजे पुढचं दार उघडं, पण पोहोचायचं कसं तर पैसे मोजून मागच्या दाराने. केजीचे ते पैसे जमवायला कोणी चेन गहाण ठेवतं, कोणी भिशी उचलतं. दरवर्षीचं आहे हे. पहिलीत काही जागा केजीबाहेरच्या मुलांसाठी राखून ठेवणारे मुख्याध्यापकही मी पाहिले आहेत. त्यांना वरून कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

अनुदानित शाळा कमी होत चालल्या आहेत का?

नव्या निघत नाहीत, असं म्हणणं जास्त बरोबर. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली ज्या नव्या शाळा येतात त्यांना अनुदान नाही. जुन्यांना संच मान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याची, धास्ती: पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की विषय कोण शिकवणार, विषयाला शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात, पट आणखी कमी. वेतनेतर अनुदान वेळेवर येईलच याचा भरवसा नाही. अशा वेळी मॅनेजमेंटला विनाअनुदानित इंग्रजी तुकडी किंवा शेजारच्या प्लॉटवर आयसीएसई शाळा हा सोपा मार्ग वाटतो. व्यवहार म्हणून मला तो कळतो. १९६५ चा कागद वाचल्यावर मात्र पटत नाही.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा कॅथलिक शाळांत का मिळत नाहीत?

कारण न्यायालयाने त्यांना त्यातून वगळलं आहे. संविधानाच्या कलम ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवायला सांगितलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या आणि २०१४ मध्ये 'प्रमती' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो मोठ्या पीठाने तपासावा असं सुचवलं. त्या प्रकरणातला एक पक्ष महाराष्ट्र सरकारच होतं.

म्हणून ऑनलाइन लॉटरीत ही नावं दिसत नाहीत. ऑफिसातल्या क्लार्कशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

हे पळवाट शोधण्यासारखं नाही का?

काही ठिकाणी आहे. राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा २०२१ चा अहवाल चर्चमधल्या अनेकांना झोंबला. देशातल्या ख्रिस्ती शाळांत सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत, आणि सगळ्या धर्मांच्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास मुलं ९ टक्क्यांहूनही कमी, असं त्यात म्हटलं होतं. पहिल्या आकड्याबद्दल मला तक्रार नाही. शाळा सगळ्यांसाठी आहे, तर सगळे येणारच. दुसरा आकडा वाचून मात्र अस्वस्थ व्हायला हवं. तो देशभराचा आहे आणि त्यात मदरसे आणि इतर धार्मिक संस्था, सगळं आहे, मुंबईच्या अनुदानित पॅरिश शाळेत पाऊल टाकलं तर वेगळंच चित्र दिसेल, हे सगळं मान्य. तरीही.

माझं मत विचाराल तर कलम ३० राहायला हवं. एवढासा समाज आपल्या संस्था आपल्या पद्धतीने चालवू शकला पाहिजे. पण कायदा सक्ती करत नाही म्हणून २५ टक्के गरीब मुलं घ्यायला कोणी मनाईही केलेली नाही. ज्या कॅथलिक विनाअनुदानित शाळा स्वतःहून तेवढ्या जागा ठेवतील, त्यांच्यासमोर 'पळवाट' हा शब्द काढायची कोणाची छाती होणार नाही.

ख्रिस्ती नसलेल्या मुलाला प्रवेश मिळतो का?

मिळतो. प्राधान्य आधी त्या पॅरिशच्या कॅथलिक मुलांना, मग शाळेत शिकणाऱ्यांच्या भावंडांना, मग आसपास राहणाऱ्यांना, असा साधारण क्रम. कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात अल्पसंख्याक कोट्याचं वेगळं गणित असतं, ते त्या-त्या कॉलेजच्या माहितीपत्रकात वाचा. डोनेशन मागितलं तर देऊ नका. कॅपिटेशन फीविरोधी कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे, आणि तक्रार शिक्षण निरीक्षकांकडे करता येते. मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असे तीन विभाग आहेत.

मुलाला बाटवतील का?

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने उत्तर देते: माझ्या नोकरीच्या काळात मी एकही मूल शाळेमुळे ख्रिस्ती झालेलं पाहिलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाचं कलम २८(३) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण देता येत नाही. व्यवहारात 'कॅटेकिझम'चा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास कॅथलिक मुलांना असतो, त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही, कॅनन ७४८ मध्ये, कोणालाही जबरदस्तीने कॅथलिक करता येणार नाही असं म्हटलं आहे.

हां, सकाळच्या प्रार्थनेत येशूचं नाव येतं, भिंतीवर क्रूस असतो, नाताळला येशूजन्माचा गोठा मांडतात. ते खटकत असेल तर दुसरी शाळा बघावी. आमच्याकडे गोठ्यातली मेंढरं मांडायला सगळ्यात पुढे मशिदीमागच्या गल्लीतली मुलं असायची.

शिक्षक ख्रिस्तीच असावे लागतात का?

नाही. मीच उदाहरण.

फी भरणं जमत नाही. कोणाकडे जायचं?

आधी वर्गशिक्षिकेला सांगा. लाज वाटते म्हणून पालक मार्चपर्यंत गप्प बसतात आणि मग निकालाच्या दिवशी ऑफिसबाहेर रडतात. जूनमध्येच सांगितलं तर हप्ते पाडून मिळतात. त्याने काम झालं नाही तर मुख्याध्यापक, मग मॅनेजर फादर.

तिथेही अडलं तर पॅरिश ऑफिसात 'सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी'ची चौकशी करा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कॉलेजातल्या पोराने मित्रांना घेऊन ही संस्था सुरू केली. मुंबईत कितीतरी पॅरिशमध्ये तिची शाखा आहे. शाखेला ते 'कॉन्फरन्स' म्हणतात. सभासद साधे लोक: बँकेतून निवृत्त झालेले, नर्स, एखादी शिक्षिका. मदत करण्याआधी ते घरी येतात, आणि येतात ते नेहमी दोघं.

अशा एका भेटीला मी गेले होते, कारण घर माझ्या विद्यार्थिनीचं होतं. दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा. दोघं कॉटच्या कडेला बसले. वही उघडली, पण लगेच बंद करून मांडीवर ठेवली. आधी मुलीला विचारलं कोणता विषय आवडतो. मग आईला: रेशन कार्ड केशरी की पिवळं, भाडं किती, गॅस किती दिवस पुरतो, नवऱ्याचं औषध कुठून आणता. आईने चहा टाकला. मी नको म्हणणार तेवढ्यात त्यातल्या वयस्कर बाईंनी मला डोळ्यांनी दाबलं आणि अर्धा कप घेतला. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "टीचर, चहा नाही घेतला तर ते आपल्याला वरचे समजतात."

पुढच्या आठवड्याच्या बैठकीत त्या घराची फी आणि बुटांचे पैसे मंजूर झाले, चेक शाळेच्या नावाने. बैठक संपताना कापडी पिशवी फिरवतात. प्रत्येक जण मूठ बंद करून हात आत घालतो, म्हणजे कोणी किती टाकले, की टाकलेच नाहीत, हे कोणाला कळत नाही. याला ते 'सिक्रेट बॅग' म्हणतात. गरीब सभासदालाही पिशवीत हात घालता यावा म्हणून ही पद्धत.

सगळं असंच गोड असतं असं नाही. काही ठिकाणी त्याच बाईला दरवर्षी नव्याने आपली गरिबी सिद्ध करावी लागते, तेच दाखले, त्याच झेरॉक्स. एका शाळेत फी राहिलेल्या मुलांची नावं वर्गात वाचून दाखवताना मी ऐकली आहेत. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं झालं तर लेखी तक्रार करा.

शाळेत जातच नाहीत अशा मुलांसाठी काही आहे का?

आहे, आणि मला विचाराल तर चर्चचं मुंबईतलं सगळ्यात अस्सल काम हेच. जेझुइटांनी १९६२ मध्ये रेल्वे स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांसाठी 'स्नेहसदन' सुरू केलं. मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी घरं, प्रत्येक घराला सांभाळणारे आई-बाबा, अशी त्याची घडी आहे. वडाळ्याला सेलेशियनांचं 'शेल्टर डॉन बॉस्को' १९८७ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी आहे. अंधेरीचं सेंट कॅथरिन्स होम मुलींसाठी. भायखळ्याला मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं 'आशा दान'. मदर तेरेसा स्वतः आधी शाळेत शिकवायच्या. बाहेर पडल्यावर त्यांनी सुरुवात केली तीही कोलकात्याच्या मोतीझील वस्तीत उघड्यावर शाळा भरवून. फळा नव्हता, जमिनीवर काठीने अक्षरं काढली.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी झेवियर्स कॉलेजमधलं केंद्र २००३ पासून काम करतं. पुस्तकं ऐकता येतील किंवा स्क्रीन-रीडरवर वाचता येतील अशी करून देणं, लेखनिक न घेता परीक्षा देता यावी यासाठी मदत, बँका आणि सरकारी खात्यांकडे पाठपुरावा, हे सगळं ते करतात.

मोठ्या कॉलेजांत श्रीमंतांची मुलं शिकवून गरिबांची सेवा कशी होते?

हा प्रश्न खुद्द जेझुइटांच्या प्रमुखाने विचारला होता. १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पेद्रो आरूपे यांनी आपल्याच माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी केला आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण चिडले. पण त्यानंतर जगभरच्या जेझुइट संस्थांत इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची ही भाषा आली. जेझुइटांच्याच झेवियर्स कॉलेजमध्ये विद्यार्थ्याला ठरावीक तास सामाजिक संस्थेत काम करावं लागतं, ते याच विचारातून.

त्याने किती फरक पडतो? काही मुलं तास भरून सर्टिफिकेट घेतात, संपलं. काही जण त्याच वस्तीत पुढे कित्येक वर्षं येत राहतात. माझ्या शाळेत शनिवारी गणित शिकवायला येणारा एक मुलगा असाच आला होता. पहिल्या दिवशी त्याला बाकावर बसताही येईना, गुडघे अडकले. नोकरी लागल्यावरही तो यायचा.

चर्चकडे एवढी जमीन आहे. ती विकून सगळ्यांना मोफत का शिकवत नाहीत?

वांद्र्यात किंवा माझगावात चर्चचं कंपाउंड पाहिलं की मनात हे येतंच. पण जमीन सार्वजनिक न्यासाची असते आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शिवाय शाळा आणि तिचं मैदान याच जमिनीवर. मुंबईत गरिबाच्या पोराला धावायला मोकळी जागा उरली आहे ती अशा कंपाउंडांत. ती विकू नये, हेच बरं. तिथे रविवारी लग्नाचे हॉल भाड्याने जातात त्या पैशाचा हिशेब मात्र पॅरिशच्या लोकांनी मागावा.

परदेशातून पैसा येतो ना?

संस्थांना येतो, तोही एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) परवान्याखाली, सरकारच्या नजरेखालून. २०२० च्या दुरुस्तीनंतर नियम आणखी कडक झाले. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं आणि जानेवारीत परत दिलं गेलं, ते सगळ्यांनी वाचलंच. पण साध्या अनुदानित पॅरिश शाळेचा गाडा सरकारी पगार, थोडी फी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांवरच चालतो. आमच्या स्टाफरूमचा पंखा माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने दिला होता.

या शाळांत मराठीचं काय?

दुखरी नस. मुंबईचे मूळ ख्रिस्ती, ईस्ट इंडियन, घरात मराठीचीच बोली बोलतात. उत्तन, गोराई, मनोरीला जाऊन ऐका. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तरीही मुंबईत कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी माध्यम हे समीकरण पक्कं झालं. दोष फक्त चर्चचा नाही. मराठी तुकडीचा फॉर्म घ्यायला कोणी येत नाही आणि इंग्रजीच्या फॉर्मसाठी पहाटेपासून रांग. त्या रांगेत आपणच उभे असतो. २०२० च्या कायद्याने मराठी हा विषय सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचा झाला, त्याने निदान टाइमटेबलात तास राहिला.

दलित ख्रिस्ती मुलांना शिष्यवृत्ती मिळते का?

अनुसूचित जातीची नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांनाच आहे. म्हणजे एकाच चाळीतल्या दोन चुलत भावंडांपैकी एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला नाही, असं होतं. पॅरिशने अशा मुलांची वेगळी यादी ठेवावी असं मला वाटतं. चर्चच्या आतही जात आहे, ती नाही असं भासवून भागत नाही.

मला मदत करायची आहे. जुनी पुस्तकं, दप्तरं देऊ का?

आधी शाळेच्या ऑफिसला फोन करून विचारा. अनुदानित शाळेत पहिली ते आठवीला बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, ती नेऊन दिलीत तर कपाटात पडून राहतील. नववी-दहावीची हवी असतात, तीही चालू अभ्यासक्रमाची. दप्तरं फाटकी देऊ नका. सगळ्यात जास्त गरज असते ती काळ्या बुटांची, कारण युनिफॉर्म मोठ्या भावंडाचा चालतो पण बूट मापात लागतात. पैसे द्यायचे असतील तर चेक शाळेच्या किंवा सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या नावाने द्या आणि पावती घ्या. वेळ देता येत असेल तर दहावीच्या मुलांना ऑगस्टपासून संध्याकाळी गणित आणि इंग्रजी शिकवायला माणसं लागतात. जानेवारीत आलात तर उशीर झालेला असतो.